गुळगुळीत चाक रुळावर घसरत का नाही?

परवा भाच्याने इंग्लंडहून एक फोटो पाठवला, कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्न गावात लायब्ररीसमोर रिचर्ड ट्रेविथिकचा पुतळा आहे, हातात इंजिनाचं छोटंसं मॉडेल. घरच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, हा कोण, रेल्वे इंजिन तर स्टीफन्सनने शोधलं ना? नाही हो! स्टीफन्सन मोठाच माणूस, पण रुळावर वाफेच्या इंजिनाने माल पहिल्यांदा ओढून दाखवला तो ट्रेविथिकने, २१ फेब्रुवारी १८०४ ला, वेल्समधे. १० टन लोखंड, वर ७० माणसं, नऊ मैलांहून जास्त अंतर, ४ तास ५ मिनिटं. रूळ बिडाचे होते, ते वजनाने तुटले म्हणून पुढे ते काम थांबलं.

त्याची चाकं गुळगुळीत होती, दाते नाहीत, काही नाही. नंतर १८१२ मधे लीड्सला ब्लेंकिन्सॉपने दात्यांचं चाक आणि दात्यांचा रूळ लावला, कारण साधं चाक घसरेल अशी धास्ती. ट्रेविथिकने तर आठ वर्षं आधीच करून दाखवलं होतं.

लोक गोंधळतात ते इथे, पकड वेगळी आणि फिरताना होणारा विरोध वेगळा. चाक रुळाला टेकतं ती जागा करंगळीच्या नखाएवढी. दोन्ही पोलाद, दबतच नाही फारसं, म्हणून टनामागे साधारण २ किलो जोर लावला की सपाटीवर गाडी चालत राहते. आणि पकड? कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा. आपल्या मीटरगेजचं (एक मीटर रुंदीच्या रुळांचं) वायडीएम-४ हे डिझेल इंजिन ७२ टनांचं, म्हणजे पकड १८ टन, १८,००० किलो भागिले २, सपाटीवर ९,००० टन ओढेल!

आता हेच इंजिन मध्य प्रदेशात, महूजवळ, कालाकुंडहून पातालपानीचा घाट चढवा. चाळीसात एक चढ, म्हणजे टनामागे आणखी २५ किलो. १८,००० भागिले २७, इंजिन धरून जेमतेम साडेसहाशे टन, आणि पावसात पकड अर्धी झाली तर तेही निम्मं. म्हणून कालाकुंडला मागून दुसरं इंजिन जोडायचे, तेवढ्या वेळात आम्ही पानाच्या दोन्यातला कलाकंद खायचो. चाकापुढे एक नळी असते, त्यातून रुळावर वाळू पडते, चाकाखाली तिचा पांढरा भुगा होतो आणि पकड परत येते.

आणि पातालपानीला गाडी थांबली नाही तर अपघात होतो, टंट्या मामांना, म्हणजे टंट्या भिल्लांना, सलामी द्यावीच लागते, असं आजही सांगतात. इंग्रजांशी लढलेला माणूस, हात जरूर जोडा, मीही जोडतो. पण गाडी थांबायची ती उतारापूर्वी ब्रेक तपासायला. ब्रेकलाही तीच नखाएवढी पकड पुरवून वापरावी लागते, चाक लॉक झालं की ते फिरायचं सोडून घासत जातं, आणि घासणाऱ्या चाकाची पकड आणखी कमी भरते, म्हणून ड्रायव्हर एकदम ब्रेक न मारता थोडा लावत, थोडा सोडत, परत लावत गाडी खाली आणतो.