समालोचक, निवेदक, वक्ता : सोलापूरच्या व्यासपीठावरचा खेळाडू

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला की सोलापुरात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो आणि परीक्षा जवळ येईपर्यंत तो चालतो. शाळांची स्नेहसंमेलनं, कॉलेजांची पारितोषिक वितरणं, व्याख्यानमाला, तालमींचे मेळावे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पाहुण्यांमध्ये माजी खेळाडू आणि क्रीडा समालोचक यांना मोठी मागणी आली आहे. "एखादा समालोचक बघा, पोरं शेवटपर्यंत बसतील," हे वाक्य संयोजकांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. मग मानधनावरून, भाषण ठेवायचं की मुलाखत यावरून, आणि पत्रिकेत त्या माणसाच्या नावाखाली काय छापायचं यावरून वाद होतो. हा शेवटचा वाद किरकोळ वाटतो, पण बाकीचे दोन्ही वाद त्याच्यातूनच निघतात.

मुंबईत १९३४ साली रेडिओवर क्रिकेट ऐकू येऊ लागलं तेव्हा एकच माणूस दिवसभर बोलायचा. माईक दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नसायचा आणि पुढे तिघांना आळीपाळीने बसवायचं ठरलं तेव्हा तो बाजूला झाला. माजी कसोटीपटू तज्ज्ञ म्हणून शेजारी बसू लागले ते त्यानंतर. मराठीतून धावतं वर्णन आलं आणि त्याने पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत, निर्धाव षटक हे शब्द घराघरांत नेले. सोलापूरच्या वाट्याला यातलं जे आलं ते कानांवाटेच. भारतासाठी कसोटीतलं पहिलं द्विशतक १९५५ मध्ये हैदराबादला झळकवणारे पॉली उम्रीगर जन्माने सोलापूरचे, हे इथल्या प्रत्येक क्रीडा कार्यक्रमाच्या प्रास्ताविकात येतंच. पण त्यांची ती खेळी सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

ऐशीच्या दशकातलं सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं एक दृश्य मला स्वच्छ आठवतं. यंत्रमागाच्या कारखान्यात खटखटाट इतका की ट्रान्झिस्टर कानाला लावला तरी काही कळायचं नाही. म्हणून तो बाहेर चहाच्या टपरीवर असायचा. टपरीवरचा पोरगा हिंदी किंवा मराठी वर्णन ऐकायचा आणि षटक संपलं की दारात उभा राहून आतल्या विणकरांना तेलुगूत ओरडून सांगायचा. धावा, बळी आणि वर स्वतःचं एक मत. "आता याला काढायला पाहिजे," असं काहीतरी. चादरीचा माग न थांबवता आतून कुणीतरी उत्तर द्यायचं. मराठी, कानडी, तेलुगू एका गल्लीत नांदणाऱ्या या गावात खेळाचं वर्णन असं भाषा बदलत पुढे जायचं. वर्णन करणं आणि मत देणं ही दोन कामं आहेत, याची जाण त्या पोराला होती. मत सांगताना तो आवाज खाली आणायचा.

जिल्ह्याचा स्वतःचा आवाज मात्र कुस्तीच्या फडात घडला. अकलूज, मोहोळ, करमाळा, पंढरपूर या पट्ट्यात यात्रेतलं कुस्ती मैदान निवेदकाशिवाय भरतच नाही. एका हातात माईक, दुसऱ्या हातात इनामांच्या चिठ्ठ्या. हलगी घुमत असते. कोणाची जोड कोणाशी, पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, इनाम कुणी लावलं हे सगळं तो न अडखळता सांगतो आणि मध्येच "ढाक लागली... नाही लागली, सुटला!" अशी डावाची खबर देऊन हजारो माणसांना उठवून बसवतो. यातले कित्येक स्वतः लंगोट लावून माती अंगावर घेतलेले असतात. त्यांना समालोचक म्हणायची पद्धत फडात नव्हती. ते निवेदक. हा शब्द नम्र आहे आणि नेमका आहे, कारण घडलेलं निवेदन करणं हेच त्यांचं काम.

'समालोचन' हा शब्द मुळात खेळाचा नाहीच. आलोचन म्हणजे पाहणं, समालोचन म्हणजे सगळ्या बाजूंनी नीट पाहणं. ग्रंथाचं समालोचन होतं. आजही चर्चासत्राच्या शेवटी अध्यक्ष 'समालोचन करतात', म्हणजे दिवसभर झालेलं सगळं नजरेखालून घालून आपलं मत मांडतात. ते नेहमी नंतरचं काम, सवडीचं काम. रेडिओने त्याला 'धावते' हे विशेषण जोडलं आणि शब्दाच्या पोटातच ओढाताण सुरू झाली, कारण धावता धावता सगळ्या बाजूंनी पाहता येत नाही. म्हणूनच बऱ्याच जुन्या मंडळींनी 'धावते वर्णन' हाच शब्द धरून ठेवला होता. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

रेडिओवर ही गल्लत खपून गेली, कारण कामं वाटलेली होती. एकजण चेंडूगणिक सांगायचा, माजी खेळाडू षटक संपल्यावर किंवा उपाहाराला बोलायचा. १९८२ मध्ये दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, चित्र समोर दिसू लागलं आणि वर्णनाची गरज कमी झाली. माजी खेळाडूच्या मताचं वजन वाढलं. प्रक्षेपण लहरी सरकारची मक्तेदारी नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिल्यानंतर खासगी वाहिन्यांची दारं उघडली आणि माईकमागे बसणं ही निवृत्त क्रिकेटपटूची रीतसर दुसरी नोकरी झाली. दोन्ही कामांना नाव मात्र एकच राहिलं, समालोचक. २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर मराठीतूनही ऐकू येऊ लागली. त्याच मोसमात मराठी समालोचन करणारा महाराष्ट्राचा एक फलंदाज माईक ठेवून एका संघात खेळायलाच गेला. खेळाडू आणि समालोचक यांच्यातली रेघ इतकी पुसट झालेली असताना संयोजकांनी दोघांना एकाच तागडीत तोललं, यात नवल नाही.

फरक उघडा पडतो तो व्यासपीठावर. वर्णन करणाऱ्याची सगळी ताकद समोर चालू असलेल्या खेळातून येते. चेंडू, गडी, गर्दी समोर नसेल तर उत्तम निवेदकही पंधरा मिनिटांत किश्शांवर येतो. खेळाडूचं उलट असतं. त्याला बोलायची सवय नसते, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे इतकं असतं की एखादा धागा हाती लागला तर तास पुरत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये हे अख्ख्या जिल्ह्याने अनुभवलं. पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या निर्णायक कुस्तीला दोन्ही मल्ल सोलापूर जिल्ह्यातले होते. 'बाहेरची टांग' या डावाला चार गुण दिले गेले आणि वाद पेटला. चार गुण मिळावेत इतका गडी पाठीवर गेला होता का? चित्रफीत थांबवून, मागे नेऊन लोक रात्र रात्र बघत होते. निवेदकाने काय झालं ते सांगितलं होतं, त्यात त्याची चूक काहीच नव्हती. पण ते योग्य होतं का, हे सांगायला ज्याने स्वतः तो डाव मारला आहे, खाल्ला आहे असाच माणूस लागतो. त्या दिवसांत आमच्याकडच्या तालमींत जुने वस्ताद पायाची जागा, कमरेचा पीळ, खांदा मातीला लागण्याचा क्षण असं उलगडून दाखवत होते. खरं समालोचन ते होतं. त्यांच्यापैकी एकालाही कुणी समालोचक म्हणून बोलावलेलं मात्र मला आठवत नाही.

पत्रिकेतला शब्द चुकला की कार्यक्रमाचा घाटही चुकतो. महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून व्याख्यानाचा मान मोठा. तिथे विद्वान बोलतो, लोक ऐकतात. खेळाडू त्या साच्यात बसेना म्हणून 'प्रकट मुलाखत' आली. सुरुवातीला ती सोय होती, आता तो नियम झाला आहे. लेखकाला, डॉक्टरला तासभर भाषण आणि खेळाडूला मुलाखत. प्रश्न आधी ठरलेले : लहानपण, आई-वडिलांचा पाठिंबा, आठवणीतला सामना, तरुणांना संदेश. मुलाखतकार सराईत असतो, टाळ्याही मिळतात. या मांडणीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की यामुळे खेळाडूचा संकोच जातो आणि वेळ पाळली जाते. ते खरं आहे. पण चुकलेल्या निर्णयाबद्दल, दुखापतीनंतरच्या रिकाम्या दोन वर्षांबद्दल, शासकीय नोकरीच्या अर्जाबद्दल त्याला कुणी विचारत नाही आणि आपणहून सांगायला जागा उरत नाही. ही मला त्या माणसाच्या अनुभवाची हेळसांड वाटते.

मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. वेळापूरच्या खो-खोचं नाव राज्यभर आहे. २०२२ मध्ये खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी विश्वचषक जिंकला. तेव्हापासून गावोगावच्या खो-खोपटू मुलींचे सत्कार झाले, फेटे बांधले गेले. माईक मात्र त्यांच्या हाती 'दोन शब्द' बोलण्यापुरताच येतो. खांबावर सूर मारताना नजर कुठे असते, हे त्या दोन शब्दांत मावत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनात मी हजर होतो. पाहुणे म्हणून सत्तरीचे एक पैलवान आले होते, कान कुस्तीने मोडलेले. मुलाखतीत त्यांची उत्तरं 'हो', 'बरोबर', 'वस्तादांची कृपा' यापलीकडे जाईनात. मुलाखतकाराला घाम फुटला. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने खालून विचारलं, "आजोबा, ढाक कशी मारतात?" पैलवान खुर्चीवरून उठले. "दोन पोरं वर पाठवा," म्हणाले. शिक्षकांनी जाजम दुमडून जागा केली. त्यांनी एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवरून घेतला, पाय कुठे अडवायचा ते बोटाने दाखवलं आणि बोलत राहिले. तोल म्हणजे काय, घाबरलेल्या माणसाचा श्वास मानेत कसा कळतो, कोल्हापूरला हरून आल्यावर महिनाभर तालमीत कुणाशी बोललो नाही ते. माईक टेबलावरच राहिला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. पाऊण तास झाला तेव्हा मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं, आणि आभाराचा कागद परत खिशात ठेवला.