लॉकडाऊनमधली वीज आणि जूनचं बिल

जून 2020च्या अखेरीस मुंबईत ज्याच्या त्याच्या तोंडी विजेचं बिल होतं. एप्रिल-मेची बिलं बेताची आली होती आणि जूनचं एकदम चौपट, पाचपट. पगार कापले गेलेले, दुकानं बंद, शिल्लक संपत आलेली. बेस्ट, अदानी, टाटा किंवा भांडुप-मुलुंडकडे महावितरण, कंपनी कुठलीही असो, तक्रार तीच होती: मीटर पळतोय, कंपनी लुटतेय.

बहुतेक घरांत मीटर बरोबर होता. तरीही लोकांचा राग खोटा नव्हता. बिल इतकं का फुगलं हे त्यांना वेळेवर, आकड्यांनिशी कुणी सांगितलंच नाही.

25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. मीटर वाचायला माणूस दारोदार पाठवणं म्हणजे संसर्गाला निमंत्रण, म्हणून राज्य वीज नियामक आयोगानं मार्चअखेरीस प्रत्यक्ष रीडिंग थांबवून सरासरीवर बिल द्यायची मुभा दिली. सरासरी धरली ती डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची. मुंबईत पंखा सर्वात कमी फिरतो तो याच तीन महिन्यांत. म्हणजे एप्रिल-मेच्या घामाचं बिल थंडीच्या हिशेबानं गेलं आणि राहिलेली युनिटं मीटरमध्ये साठत गेली. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं तेव्हा ती सगळी एकदम बाहेर आली. त्यातच 1 एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते, त्यामुळे जुन्या बिलाशी ताडून पाहणंही अवघड झालं.

एक हिशेब करून पाहू. दर सोयीसाठी गोल धरले आहेत: पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये, 101 ते 300ला 8 रुपये, 301 ते 500ला 10 रुपये. एका कुटुंबाची हिवाळी सरासरी 120 युनिट. एप्रिल आणि मेचं बिल प्रत्येकी 120 युनिटांचं, म्हणजे 560 रुपये. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये 210, मेमध्ये 260 आणि जूनमध्ये 230 युनिट जळाली. एकूण 700. त्यातली 240 आधीच बिलात आली, उरली 460.

इथेच गोम आहे. ही 460 युनिटं एकाच महिन्याची धरली तर 160 युनिटं 10 रुपयांच्या टप्प्यात जातात आणि बिल 3,600 रुपये होतं. पण ती तीन महिन्यांत जळालेली आहेत, तेव्हा टप्पेही तिप्पट करायला हवेत: पहिला 300 युनिटांचा, दुसरा 900पर्यंत. मग 700 युनिटांचे 4,400 रुपये होतात. त्यातून आधी आकारलेले 1,120 वजा केले की 3,280 उरतात. योग्य आकारणी ती हीच. बिल तपासायचं तर एकूण रकमेकडे बघण्याआधी टप्प्यांचा लाभ किती महिन्यांचा दिलाय ते बघावं लागतं. हा तपशील बिलाच्या मागच्या बाजूला किंवा बारीक अक्षरांत असतो.

पण हिशेब पूर्ण बरोबर असूनही 560चं बिल 3,280 झालं. जवळपास सहापट! वर स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणून पोचवण्याचा) आणि 16 टक्के वीज शुल्क. शुल्क टक्क्यांत असल्यामुळे बिलाबरोबर तेही वाढतं. पुढे ग्राहकांना हप्त्यांनी भरायची सोय मिळाली, पण तोवर बराच मनस्ताप होऊन गेला होता.

आता मूळ प्रश्न: 120ची 260 युनिटं झाली कशी? घरात नवं काही आलं नव्हतं. माणसं मात्र दिवसभर घरात होती.

जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो. दोन पंखे रोज दहा तास जास्त फिरले तर दीड युनिट, महिन्याला 45. लॅपटॉप 50 वॅट, नऊ तास चालला तर महिन्याला 13-14 युनिट. मुलं घरात, टीव्ही पाच तास जास्त: 12 युनिट. दीड टनाचा एसी तासाला एक युनिटाच्या आसपास खातो. दुपारच्या कॉलसाठी रोज दोन तास लावला तर 60 युनिट. एवढ्यातच 130 झाली. मिक्सर, मायक्रोवेव्हवर लोक उगाच संशय घेतात. 500 वॅटचा मिक्सर दहा मिनिटं फिरला तर युनिटाचा जेमतेम बारावा हिस्सा होतो. विजेचं बिल वाढवतं ते तासन्‌तास चालणारं यंत्र, मग ते कितीही साधं असो. म्हणून 75 वॅटच्या जागी 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावला तर जिथे पंखा चोवीस तास फिरतो तिथे महिन्याला 30 युनिटांच्या वर बचत होते.

पत्र्याच्या छपराच्या दहा बाय दहाच्या खोलीत हा हिशेब आणखी कठोर होतो. मे महिन्यात पत्रा तापतो, हवा दमट, आणि पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त अंगावरचा घाम लवकर सुकवतो. खोली रिकामी असेल तर पंखा बंद करता येतो. सहा माणसं दिवसभर तिथेच असतील तर तो बंद करायची वेळच येत नाही.

कोणतं यंत्र किती खातंय हे मीटरवरच बघता येतं, वेगळं उपकरण लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटाला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. अनेक मीटरवर 3200. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा. दिवा थांबायला हवा. तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे, जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर आहे किंवा कुणी वायर जोडली आहे. मग एकेक यंत्र चालू करून मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याला 60नं गुणून 3200नं भागलं की तासाची युनिटं मिळतात. 75 वॅटच्या पंख्याला दिवा मिनिटाला चारदा लुकलुकतो, 1500 वॅट घेणाऱ्या एसीला 80 वेळा. फरक डोळ्यांना दिसतो. इन्व्हर्टर एसी मात्र पहिली पंधरा मिनिटं जोरात चालतो, मग मंदावतो, तेव्हा त्याचं मोजमाप अर्ध्या तासानं घ्यावं.

लॉकडाऊनमध्ये घरच्या वायरिंगचीही परीक्षा झाली. साधा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॅट. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दोन लॅपटॉप, चार्जर, टेबलफॅन, इथपर्यंत ठीक. त्याच बोर्डावर कुणी इस्त्री किंवा इंडक्शन शेगडी लावली की पिनेपाशी उष्णता साठायला लागते. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल असेल तर पिनेचा तिला पुरता स्पर्श होत नाही, त्या अरुंद जागी रोध वाढतो आणि वीज कमी असली तरी तेवढाच ठिपका तापतो. प्लगची पिन काळपट दिसली, प्लास्टिक पिवळं पडलं किंवा भाजल्याचा वास आला, तर प्लग बदलून भागत नाही. सॉकेट बदलावा लागतो, आणि आतली जळालेली तार मागे कापून पुन्हा जोडावी लागते. एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे मदतीला येत नाही, कारण एकूण प्रवाह मर्यादेतच असतो.

हे झालं घरातलं. शहराच्या पातळीवर मात्र उलट घडत होतं. एप्रिल 2020मध्ये देशाचा वीजवापर आदल्या वर्षीच्या मानानं पाव हिश्शाच्या आसपास घटला. मुंबईत 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. बीकेसी, लोअर परळ, नरिमन पॉइंटच्या कार्यालयांतली मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा बंद झाली, मॉल आणि थिएटरं बंद झाली. मुंबईची मागणी एरवी दुपारी तीनच्या सुमाराला टोक गाठते ती याच एसींमुळे. लॉकडाऊनमध्ये ते टोक बसलं आणि घरांमधला रात्रीचा वापर त्या मानानं ठळक झाला. ज्या कार्यालयात माणशी विजेचा खर्च कंपनी भरायची, तिथला माणूस आता स्वतःच्या मीटरवर काम करत होता. हा भार कुणी कुणाला परत दिला नाही, आणि जूनच्या रागाचं एक खरं कारण हे होतं. आपल्याकडे व्यापारी आणि औद्योगिक ग्राहक चढा दर भरतात आणि त्यातून घरगुती दर थोडे सावरले जातात. तेच ग्राहक बंद पडल्यामुळे वीज कंपन्यांचं गणितही कोलमडलं.

मागणी घटली तर ग्रिडला, म्हणजे वीजकेंद्रं आणि वाहिन्यांच्या जाळ्याला, आराम मिळतो असं वाटेल, पण तसं नसतं. वीज मोठ्या प्रमाणात साठवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. तोल ढळला की फ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, हलते. मागणी अचानक कमी झाली की चढ संपून उतार लागलेल्या सायकलसारखी सगळी जनित्रं वेग घेऊ लागतात आणि फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झच्या वर जाते. 49.90 ते 50.05 ही नेहमीची मर्यादा. फार भटकली तर यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटतात, आणि एकामागून एक सुटली तर अंधार.

रविवार 5 एप्रिल 2020ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं पंतप्रधानांचं आवाहन होतं. घरातल्या दिव्यांचा अंदाज धरून 12 ते 14 हजार मेगावॉट मागणी घटेल असं गणित मांडलं होतं. प्रत्यक्षात ती 31,089 मेगावॉटनं घसरली. फक्त दिवे बंद करा, पंखे-फ्रिज चालू ठेवा असं सांगूनही लोकांनी इतर बटणंही दाबली असणार. तरी फ्रीक्वेन्सी 49.70 आणि 50.26 हर्ट्झच्या दरम्यान राहिली, आणि हे श्रेय मुख्यतः पाण्याचं. कोळशाच्या संचाचा बॉयलर मिनिटाला क्षमतेच्या एखाद्या टक्क्यानंच खाली येऊ शकतो, आणि साधारण 55 टक्क्यांच्या खाली त्याला नेता येत नाही. जलविद्युत केंद्रात टर्बाइनकडे येणारं पाणी आवळलं की काही सेकंदांत वीज कमी होते. म्हणून त्या संध्याकाळी आधी जलविद्युत मुद्दाम वाढवून ठेवली, कोळसा खाली आणला, आणि पावणेनऊनंतर पाण्यावरची वीज 25,559 वरून 8,016 मेगावॉटवर उतरवली. दिवे परत लागायला लागले तेव्हा सतरा मिनिटांत ती पुन्हा 19,012वर नेली. आपल्याकडे कोयना अशाच कामाला येते. नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यांची ती कामगिरी फार मोठी होती आणि तिची पुरेशी कदर झाली नाही.

कमी मागणीचा दुसरा त्रास व्होल्टेजचा. लांब वाहिनीवर भार हलका झाला की तिच्या दूरच्या टोकाला व्होल्टेज चढतं. जमिनीखालची केबल तर विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरसारखीच वागते, आणि मुंबईत अशा केबलचं जाळं दाट आहे. त्यावर इलाज म्हणजे शंट रिॲक्टर (चढलेलं व्होल्टेज खाली आणणारी मोठी गुंडाळी) जोडणं आणि काही उच्चदाब वाहिन्या चक्क बंद ठेवणं. देशभरात त्या महिन्यांत हे रोज चाललं होतं.

मग सोमवार 12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. अत्यावश्यक सेवेसाठी धावणाऱ्या लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या, कोविड रुग्णालयं जनरेटरवर आली. बाहेरची वीज तुटली तर शहराला बेटासारखं वेगळं काढून ट्रॉम्बे, डहाणू आणि भिरा-खोपोली-भिवपुरीच्या जलविद्युतीवर जिवंत ठेवायची योजना मुंबईला आहे. पण बेट तरायचं तर त्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला भार जवळपास जुळावा लागतो, किंवा सेकंदांत पुरेसा भार तोडावा लागतो. त्या दिवशी ते जमलं नाही. बाहेरून वीज आणायच्या वाटा मोजक्या हे जुनं दुखणं; खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची नवी वाट 2023मध्ये सुरू झाली.

पुण्या-नाशकात घरोघरी इन्व्हर्टर असतो. मुंबईत वीज जातच नाही म्हणून तो नव्हता. त्यामुळे लॅपटॉपला बॅटरी असूनही काम थांबलं, कारण राउटर बंद पडला. त्यावर साधा उपाय राउटरच्या छोट्या यूपीएसचा. राउटर दहा वॅटच्या आसपास घेतो, तेव्हा 30 वॅट-अवर बॅटरी अडीच-तीन तास पुरते. घेताना ॲडाप्टरवरचं व्होल्टेज वाचावं. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. आणि केबलवाल्याला आधी विचारावं की इमारतीत विजेवर चालणारा स्विच आहे की थेट घरापर्यंत फायबर. स्विच गच्चीवर किंवा जिन्यात असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर घरचा यूपीएस चालू असूनही इंटरनेट जाईल.