काजव्यांचं झाड आणि वीस मिनिटं

"एवढंच व्हय?"

राधानगरीच्या रानाकडेला, अंधारात उभी राहून आमची आत्ती म्हणाली. मे संपत आलेला, वळीव दोनदा पडून गेलेला, समोर हिरड्याचं झाड. झाडावर काजवे होते, चांगले होते. पण तिच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या फोटोत शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळं झाड पिवळ्या ठिपक्यांनी गच्च भरलं होतं, खाली गवतावरही सडा पडल्यासारखा. कोल्हापुरातून पन्नासेक किलोमीटर हाडं खिळखिळी करून आल्यावर तिला तेच झाड बघायचं होतं.

"फोटो खोटा हाय मग," तिनं निकाल दिला.

मी ट्रायपॉडचे पाय चाचपत होतो. फोटो खोटा नव्हता, पण ती म्हणत होती त्यातही चूक नव्हती. तसं झाड कुठल्याच क्षणी कुणाला दिसलेलं नसतं.

डोळा प्रकाश साठवत नाही. अंधारात तो फार तर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका प्रकाश एकत्र करतो, मेंदूकडे ढकलतो आणि पाटी कोरी करून पुढच्या क्षणाला लागतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ही घाई नाही. शटर उघडं आहे तोवर पडेल तो प्रकाशकण तो जमा करत राहतो, पावसात अंगणात ठेवलेल्या घागरीसारखा. मी त्या रात्री वीस-वीस सेकंदांचे साठ फोटो घेतले आणि घरी संगणकावर एकावर एक रचले. वीस मिनिटांत त्या झाडासमोर जे जे लुकलुकलं, ते एका चित्रात आलं. डोळ्याच्या हिशेबात हे बारा हजार क्षण होतात. आत्ती बघत होती त्यातला एक.

इथं एक गंमत आहे, आणि ती कळायला मला दोन हंगाम लागले. ठिपके फिके येतात म्हणून मी शटर जास्त वेळ उघडं ठेवायचो. वीसचे तीस सेकंद, तीसचे साठ. ठिपके तेवढेच फिके, आभाळ मात्र धुरकट पांढरं. कारण उडता काजवा सेन्सरच्या एका जागी क्षणभरच उजेड टाकतो आणि पुढे जातो. नंतर तुम्ही तासभर वाट बघा, त्या जागेला आणखी काही मिळत नाही. ठिपका किती उजळ यायचा हे भिंगाचं तोंड किती मोठं आणि आयएसओ किती, म्हणजे आलेला प्रकाश कॅमेरा किती पटीनं वाढवून दाखवतो, यावर ठरतं. भिंगाच्या तोंडाचं माप 'एफ'मध्ये सांगतात, आकडा लहान तेवढं तोंड मोठं; एफ 2.8 ऐवजी एफ 1.8 वर भिंग उघडलं की जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो, ठिपका लगेच जिवंत होतो. शटर काजव्याला उजळ करत नाही, ते फक्त काजवे मोजतं.

मग वीस मिनिटांचा एकच फोटो का नाही काढायचा? कारण आभाळाची मंद उजळी काजव्यासारखी उडून जात नाही, ती त्याच जागी पडून राहते आणि साठत जाते. शिवाय मधेच एखाद्या जीपचा दिवा फिरला की वीस मिनिटं पाण्यात. साठ वेगळे फोटो असले तर त्यातला एक फेकून देता येतो. रचताना संगणकाला सांगायचं, प्रत्येक जागी साठांपैकी सगळ्यात उजळ असेल तोच ठिपका ठेव, बेरीज करू नकोस. म्हणजे काजवे सगळे राहतात आणि रात्र रात्रच राहते.

चांदण्यांनाही तोच नियम. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, वीस मिनिटांत 5. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो, तेव्हा दहा चंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढी लांब रेघ आभाळातल्या चांदण्या ओढून जातात. ध्रुव तेवढा जवळपास जागचा हलत नाही. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर असतो, झाडाआड सहज लपतो. पावसाळ्यात जवळच्या राऊतवाडी धबधब्यावर पाण्याचं दूध करतात तेही याच कुळातलं. पाच मीटर खाली आलेला थेंब सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगानं पडत असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटर सरकतो, म्हणून थेंब गोठतो. अर्ध्या सेकंदात पाच मीटर, म्हणून नुसती पांढरी ओढणी. दिवसा एवढा वेळ शटर उघडं ठेवायचं तर भिंगावर काळी काच लावावी लागते, एवढंच.

पुन्हा झाडाकडे. काजव्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. ल्युसिफरेज हे विकर, पेशीतलं इंधन एटीपी आणि ऑक्सिजन भेटले की त्यातून प्रकाश निघतो, उष्णता जवळजवळ नाहीच. 'काजव्याचा दिवा शंभर टक्के कार्यक्षम' असं शाळेत ऐकलेलं असतं, ते मात्र खरं नाही. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी नव्यानं मोजलं तेव्हा शंभर रेणूंमागे सुमारे 41 प्रकाशकण निघाले. तरीही साध्या पिवळ्या बल्बनं लाजावं असाच हा आकडा. या प्रकाशाचा रंग पिवळसर हिरवा, तरंगलांबी 560 नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारी बारीक घरं असतात, त्यातल्या दर चारांत दोन हिरव्या रंगाची असतात, त्यामुळे काजवा त्याला नेमका मानवतो.

आणि हा सगळा खटाटोप जोडीदार शोधण्यासाठी. आपण बॅटरी मारली, फ्लॅश उडवला की त्यांचे निरोप बुडतात. कॅमेऱ्याला फोकससाठी पुढे एक छोटा दिवा असतो, तो आधी बंद करायचा. मागच्या पडद्यावर मी काळी चिकटपट्टी लावतो. फोकस दिवस मावळताना झाडावर धरून ठेवायचा, नंतर भिंगाला हात लावायचा नाही. त्या रात्री शेजारच्या गाडीतल्या मंडळींनी झाडापुढे सेल्फी काढले, तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आत्तीला म्हटलं, "मोबाईल पिशवीत टाक आणि अर्धा तास नुसती बस." उजेडातून अंधारात आलं की डोळ्यातल्या दंडपेशींना, म्हणजे अंधारात बघणाऱ्या पेशींना, ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य पुन्हा भरून घ्यायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाईलचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. नजरेच्या अगदी मध्यभागी या पेशी नसतातच. म्हणून फिकट काजवा बघायचा तर त्याच्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघायचं.

ती कुरकुरत बसली. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "आरं, खालीबी हायेत की रं. गवतात." ते आधीपासून तिथंच होते. थोड्या वेळानं तिनं आणखी एक हेरलं: एक फांदी चमकते, विझते, मग शेजारची. झाडावरून उजेड चालत गेल्यासारखा. हे माझ्या फोटोत नाही. रचलेल्या चित्रात सगळे काजवे एकदमच पेटलेले असतात, कोण आधी आणि कोण नंतर हा हिशेब मी वीस मिनिटांच्या बदल्यात देऊन टाकलेला असतो.

दोन दिवसांनी फोटो तिला पाठवला. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भरलेलं. तासाभरात फोन आला. "सगळं पिवळं, मग डाव्या अंगाला त्यो तांबडा काजवा कसला?"

काजवा नव्हता. सेन्सर तापला की उजेड न पडताही त्याची काही घरं आपणहून वीज सोडतात, आणि मे महिन्यात हे जास्त होतं. साठच्या साठ फोटोंत तो तांबडा ठिपका एकाच जागी होता. खरा काजवा असं कधी करत नाही. यावर सोपा इलाज आहे: भिंगाला टोपण लावून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो काढायचा. त्यात उरतात ते फक्त हे तोतये, ते प्रत्येक फोटोतून वजा करायचे. मी तो काळा फोटो काढायला विसरलो होतो.

ठिपका पुसून पुन्हा पाठवला. उत्तर आलं, "तांबडा बरा हुता."