जुन्या मोटारीच्या हीटरचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारीत कारखान्यातूनच बसून आलेला हीटर, त्याचे मूळ सुटे भाग होता होईल तेवढे राखून पुन्हा चालता करणे, याला हीटरचा जीर्णोद्धार म्हणतात. कोअर (गरम पाण्याची जाळी), ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), गरम पाण्याची तोटी, पत्र्याची पेटी, केबली आणि काचेकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या एवढ्यांचा त्यात समावेश होतो. थंड मुलुखात हे नित्याचे काम आहे. गोव्यात मात्र हीटर हा गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि म्हणूनच अस्सल अवस्थेत मिळायला सर्वांत अवघड.

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. उर्वरित भारतात आयातीवर कडक निर्बंध असताना गोव्यात मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवॅगन, ऑस्टिन, मॉरिस अशा गाड्या युरोपातून येत. मुक्तीनंतरही बरीच वर्षे जुन्या मर्सिडीझ येथे टॅक्सी म्हणून धावत होत्या. युरोपातल्या हिवाळ्यासाठी घडवलेल्या या गाड्यांपैकी अनेकींत हीटर होता. दुरुस्ती करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पोर्तुगालने १९२८ साली उजव्या बाजूची वाहतूक स्वीकारली, तरी गोवा डाव्या बाजूनेच चालत राहिला. त्यामुळे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी युरोपातून जुना हीटर मागवला, तर केबलची लांबी आणि नळ्यांची वळणे अनेकदा जुळत नाहीत. आपल्या गाडीचाच भाग वाचवणे हा येथे हौसेपेक्षा गरजेचा भाग ठरतो.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातले ८०–९० अंश सेल्सिअसचे पाणी तोटीतून छोट्या रेडिएटरसारख्या कोअरमध्ये येते. ब्लोअर त्यातून हवा ढकलतो. ही गरमी नको म्हणून गोव्यातल्या गॅरेजांत सर्रास एकच उपाय होई : इंजिनावरची दोन तोंडे एका होज पाइपने जोडायची आणि हीटर बाजूला टाकायचा. काढून माळ्यावर टाकलेला हीटर निदान टिकला. गाडीतच राहिलेल्याचे हाल जास्त झाले. आत साचलेल्या पाण्याने कोअरच्या नळ्या चोंदल्या, समुद्राच्या खाऱ्या हवेने पेटीचा पत्रा खाल्ला आणि फोमच्या पट्ट्यांचा भुगा झाला.

कोअर तांब्या-पितळेचा असतो आणि त्याचे सांधे डाखाचे. त्याला कडक अ‍ॅसिड दाखवू नये. क्षार सुटतात, पण डाखही कमकुवत होतो. सायट्रिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण भरून ठेवावे आणि पाणी दोन्ही दिशांनी सोडून धुवावे. मग एक तोंड बंद करून कोअर पाण्यात बुडवावा, दुसऱ्यातून हवा भरावी आणि बुडबुडे कुठून येतात ते बघावे. त्या काळच्या अनेक गाड्यांत रेडिएटरच्या झाकणाचा दाब ४ ते ७ पौंडांचाच असे, त्यामुळे चाचणीला दहाएक पौंड पुरतात. टायरच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडला तर धडधाकट कोअरही फाटतो. एखाददुसरी नळी गळत असेल तर डाख देऊन भागते. जाळीच कुजली असेल, तर मूळ टाक्या आणि नळीची तोंडे ठेवून मधला भाग नवा बसवून घ्यावा. बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा तयार कोअर स्वस्त पडतो, पण तो बसवला की जीर्णोद्धार संपून निव्वळ बदल उरतो.

ब्लोअरची मोटर बहुधा जळलेली नसते, जाम झालेली असते. बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) साफ करून तेल दिले, कम्युटेटर (दांड्यावरचा तांब्याचा भाग, ज्यातून फिरत्या गुंडाळीला वीज मिळते) हलक्या हाताने घासला आणि त्यावर टेकणारे नवे कार्बन घातले की ती फिरते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. पुढे कुणी ते उलटवले असेल तर कायमचुंबकाची मोटर उलटी फिरते आणि हवा कमी लागते; कायमचुंबकाऐवजी तारेची गुंडाळी (फील्ड) असलेल्या मोटरला फरक पडत नाही. मोटर रद्दीत टाकण्याआधी एवढे जरूर तपासावे.

फोक्सवॅगन बीटलचे प्रकरण वेगळे आहे. तिच्या इंजिनात पाणीच नाही. एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून गरम झालेली हवा दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येते. त्या पट्ट्या गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहेत, त्यामुळे त्या गंजल्या की काम वेल्डिंगवाल्याकडे जाते. एक्झॉस्टला भोक असेल, तर कार्बन मोनॉक्साइड थेट माणसांच्या नाकाशी येतो. तपासणीशिवाय या गाडीचा हीटर कधीही सुरू करू नये.

गोव्यात हीटर हवाच कशाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या गाडीत एसी नसतो, पावसात काचा वर कराव्या लागतात आणि ओल्या कपड्यांनी, श्वासांनी समोरची काच आतून धुरकट होते. अशा वेळी काचेवर सोडलेली गरम हवा तिला काही मिनिटांत स्वच्छ करते. फडक्याने पुसत गाडी हाकण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. चोर्ला किंवा अनमोड घाटात इंजिन तापू लागले, तर तोटी उघडून ब्लोअर लावल्यास हाच कोअर जादा रेडिएटरचे काम करतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्या दृष्टीनेही काढलेला प्रत्येक मूळ भाग, निकामी असला तरी, चिठ्ठी बांधून जपून ठेवणे इष्ट.

जोडणी झाल्यावर पाणी भरताना तोटी पूर्ण उघडी ठेवावी, नाहीतर कोअरमध्ये हवा अडकते. इंजिन तापल्यावर कोअरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा. एक गरम आणि दुसरी गार लागली, तर हवा अडकली आहे किंवा कोअर अजून चोंदलेला आहे.