पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना

विंडोज, लिनक्स यांसारखी ऑपरेटिंग सिस्टिम सीडी-डीव्हीडीऐवजी यूएसबी पेन ड्राइव्हवरून संगणकात बसविण्याची पद्धत. आयएसओ फाइल (स्थापना-डिस्कची एकाच फाइलमधील संपूर्ण प्रत) पेन ड्राइव्हवर उतरविणे, संगणक त्यावरून चालू करणे व पडद्यावरील सूचना पाळणे हा क्रम परिचित आहे. प्रस्तुत नोंदीत तो कोठे व का अडतो, याचा मुख्यतः विचार केला आहे.

यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. पेन ड्राइव्हचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. इझ्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीच्या अमीर बान, डोव्ह मोरान व ओरोन ओगदान यांनी एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि नोव्हेंबर २००० मध्ये ते मिळाले. अर्जात वर्णिलेल्या साधनात स्मृती व जोडणी यांमध्ये केबल आहे, त्यामुळे तो आजचा पेन ड्राइव्ह नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने २००० मध्ये ‘थंबड्राइव्ह’ बाजारात आणला. त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने एम-सिस्टिम्सचे ८ मेगाबाइटचे साधन अमेरिकेत विकावयास घेतले. चीनच्या नेटॅक कंपनीचाही दावा असून तिला २००४ मध्ये अमेरिकी एकस्व मिळाले. अर्जाची तारीख प्रमाण मानली तर एम-सिस्टिम्सचे आणि प्रत्यक्ष विक्री मानली तर ट्रेकचे पारडे जड ठरते. पहिला निकष अधिक ग्राह्य वाटतो.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची सोय साधारणपणे २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत रूढ झाली असावी. डीव्हीडी ड्राइव्ह नसलेले आसूस ईई पीसीसारखे छोटे लॅपटॉप २००७ पासून आल्यावर तिची गरज वाढली. सुरुवातीच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रणालीला) पेन ड्राइव्ह ही स्वतंत्र वस्तू म्हणून ठाऊक नव्हती. तो त्याला फ्लॉपी, झिप डिस्क किंवा हार्ड डिस्क समजे आणि सेटिंगमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप व यूएसबी-एचडीडी असे पर्याय असत. झिप पद्धतीत ६४ हेड व ३२ सेक्टर अशी रचना अपेक्षित असल्याने हार्ड डिस्कप्रमाणे तयार केलेला पेन ड्राइव्ह अशा बायोसला दिसतो, पण त्यावरून संगणक सुरू होत नाही. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या नव्या प्रणालीचा फोरम २००५ मध्ये स्थापन झाल्यानंतर ही गुंतागुंत हळूहळू मागे पडली. यूईएफआय बायोसप्रमाणे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील कोड चालवीत नाही. फॅट या फाइल-मांडणीच्या विभागातील ‘ईएफआय’ फोल्डरच्या ‘बूट’ या उपफोल्डरात ठराविक नावाची फाइल शोधते. ३२-बिट व ६४-बिट यूईएफआयसाठी हे नाव वेगळे असते. ६४-बिट प्रोसेसरला ३२-बिट यूईएफआय जोडलेले काही स्वस्त ॲटम टॅबलेट व लॅपटॉप त्यामुळेच अडतात.

बहुतेक तक्रारींचे मूळ पेन ड्राइव्हच्या दोषात नसून या दोन पद्धतींच्या सरमिसळीत आढळते. डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या एमबीआर (जुनी) व जीपीटी (नवी) अशा दोन पद्धती आहेत. ‘निवडलेली डिस्क जीपीटी प्रकारची आहे’ असे सांगून विंडोजने नकार दिला, तर पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला आहे, असे समजावे. अशा वेळी अनेकजण डिस्क पुसून एमबीआर करतात. बूट मेनूतून तोच पेन ड्राइव्ह ‘यूईएफआय’ या उपसर्गासह निवडल्यास पुष्कळदा डेटा न गमावता काम होते. एमबीआरची मर्यादा ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टेराबाइट आहे, हेही ध्यानात ठेवावे.

फॅट३२ मध्ये एकच फाइल ४ गिगाबाइटहून मोठी असू शकत नाही आणि विंडोजची ‘इन्स्टॉल’ फाइल आता ती मर्यादा ओलांडते. नुसती कॉपी करणाऱ्यांचे काम येथेच थांबते. फाइलचे तुकडे करणे हा एक उपाय. २०११ मध्ये आलेले रूफस हे पेन ड्राइव्ह तयार करण्याचे सॉफ्टवेअर एनटीएफएस (मोठ्या फाइली चालणाऱ्या विंडोजच्या मांडणीच्या) विभागाशेजारी छोटा फॅट विभाग ठेवून मार्ग काढते. पहिला उपाय अधिक यंत्रांवर चालतो, दुसरा सोपा आहे.

स्थापनेच्या वेळी डिस्कच न दिसणे हे इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये वरचेवर आढळते. व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असल्यास इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नसल्याने पडदा ‘सीडी/डीव्हीडी ड्रायव्हर’ मागतो. खरा दोष पोर्टचा असतो, म्हणून पेन ड्राइव्ह २.० पोर्टला लावावा. पहिल्या रीस्टार्टनंतर स्थापना पुन्हा आरंभापासून सुरू झाल्यास पेन ड्राइव्ह काढून घ्यावा.

सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासार्ह सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये नव्या संगणकांवर रूढ झाली. ती बंद करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कूटबद्धतेची) रिकव्हरी की हाताशी असावी, अन्यथा कूटबद्ध असलेली जुनी डिस्क उघडत नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्यतनानंतर काही संगणकांवर जुन्या लिनक्सचे पेन ड्राइव्ह ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून नाकारले गेले. तेथे नवी आयएसओ घेणे हाच सरळ उपाय.

मुंबईत ही कामे मुख्यतः लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील दुकानांत होतात.  ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा बाजार इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या व नव्या यंत्रांची एकत्र उलाढाल असल्याने येथील कारागिराला दोन्ही बूट पद्धती हाताळाव्या लागतात. ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक डेटाबद्दल फारसे विचारीत नाही, ही वेगळीच अडचण. दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात. त्या खोडरबराने पुसण्याची रीत येथे सर्रास आहे व ती निरर्थक नाही, कारण सदोष रॅममुळे फाइली उलगडताना ८००७०५७० असा त्रुटिसंकेत येऊ शकतो. तो आल्यास आधी आयएसओचा एसएचए-२५६ अंक (फाइल जशीच्या तशी आली आहे का, हे दाखविणारा संकेतांक) पडताळावा. क्षमता फुगवून छापलेले बनावट पेन ड्राइव्ह एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या साधनांनी ओळखता येतात.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. लिनक्स बसविताना पडदा काळा राहिल्यास बूट ओळीत ‘नोमोडसेट’ घालून पुढे जाता येते. ग्राफिक ड्रायव्हर बसविल्यावर हा शब्द काढून टाकावा.