झोपून चालवायच्या सायकलीची जुनी भानगड

भाच्याच्या ग्रुपने फायनल इयर प्रोजेक्टला झोपून चालवायची सायकल घेतलीय, म्हणजे रिकम्बंट. पाय समोर, पाठ मागे टेकलेली. ताईचं म्हणणं एकच, चार वर्षं फी भरली ती लोळून सायकल चालवायला का बे? पण या लोळण्यामागे मोठी भानगड आहे राजेहो.

आपण जी सायकल 'नॉर्मल' समजतो तो आकार १८८५ च्या आसपास इंग्लंडमधे स्टार्ली नावाच्या माणसाच्या 'रोव्हर' सायकलने पक्का केला, आणि मग सगळ्यांनी तोच धरला. फ्रान्समधे शार्ल मोशे नावाचा माणूस पायडलवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या बनवायचा, त्याने तीच गाडी जणू उभी अर्धी कापून दोन चाकांची झोपती सायकल केली. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोर, जो काही पहिल्या फळीतला रेसर नव्हता, पॅरिसमधे तिच्यावर बसला आणि एका तासात ४५.०५५ किमी गेला. आधीचा रेकॉर्ड ४४.२४७ चा, १९१४ पासून कोणाच्या बापाला तुटला नव्हता. मग काय, १९३४ मधे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने रेसच्या सायकलीची व्याख्याच बदलली आणि ही बाहेर. हळू होती म्हणून नाही, फास्ट होती म्हणून! मला तर ही सरळसरळ चीटिंग वाटते.

कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किमीच्या स्पीडला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि स्पीड दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते, मग छाती वाऱ्यासमोर उभी ठेवायची कशाला.

पुढची चाळीसेक वर्षं हा विषय थंडच होता. तो परत पेटवला कॉलेजांनीच. कॅलिफोर्नियात चेस्टर काइल या प्रोफेसरने स्टुडंट्सना घेऊन हवेचा विरोध मोजला आणि १९७५ मधे अशी रेस लावली की आकाराचं बंधनच नाही. २०१३ मधे नेदरलँड्सच्या पोट्ट्यांनी बनवलेली बंद कवचाची झोपती सायकल ताशी १३३.७८ किमीच्या स्पीडने गेली, तेही फक्त पायाने.

आणि पायडलचं वेड आपल्या नागपुरातही जुनंच आहे. इथले प्रोफेसर जे. पी. मोडक यांनी पायडल मारून फ्लायव्हील म्हणजे जड चाक फिरवायचं, त्यात ताकद साठवायची आणि मग क्लच जोडून ती एका झटक्यात मशीनला द्यायची असं तंत्र बसवलं, त्यावर चुना, राख आणि रेतीच्या विटा पाडल्या. माणूस सतत जेमतेम दहावा हिस्सा हॉर्सपॉवर देतो, मशीनला लागते कितीतरी जास्त, म्हणून ही युक्ती. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या राखेशेजारी राहणाऱ्याला हे सुचलं यात नवल नाही.

भाच्याची गाडी अजून चेनवर अडलीय. पायडल पुढे, मागचं चाक लांब, म्हणून अडीच चेना जोडून एक केली, ती मधे लोंबते आणि खड्डा आला की उतरते. सीट म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापलेत. ट्रायल मे महिन्यात, आणि झोपून चालवायचं म्हणजे तोंड थेट उन्हाकडे, त्यामुळे ताईने आत्ताच दोन दुपट्टे काढून ठेवलेत.