कर्जमाफी म्हणायचं की कर्जमुक्ती?

केंद्राची २००८ ची योजना गावोगाव ‘कर्जमाफी’ म्हणूनच ओळखली गेली. २०१७ मध्ये राज्याची आली, तिचं नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. अकरा-बारा वर्षांत माफी जाऊन सन्मान आला आणि सन्मान जाऊन मुक्ती. बँकेच्या काउंटरवर मात्र तिन्ही वेळा घडलं ते एकच: सरकारने पैसे भरले, थकबाकी खात्यातून उतरली.

वर्तमानपत्रं हे दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतात. मथळ्यात जागा कमी असली की माफी, अग्रलेखाला वजन हवं असलं की मुक्ती. पण शेतकरी चळवळीच्या एखाद्या मेळाव्यात माइकवरून ‘कर्जमाफी’ म्हणून बघा. खाली बसलेलं कोणीतरी जागच्या जागी दुरुस्ती करतं: माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला?

ही दुरुस्ती जुनी आहे. १९८० च्या आसपास कांदा आणि उसाच्या आंदोलनांतून शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली, तेव्हा तिची घोषणा होती ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. त्यामागचा युक्तिवाद असा: सरकार कधी निर्यातबंदी करून, कधी लेव्ही (ठरवलेल्या भावात सक्तीची खरेदी) लावून शेतमालाचे भाव पाडतं. तोटा शेतकऱ्याने ओढवून घेतलेला नाही, धोरणाने लादलेला आहे. मग त्या तोट्यातून चढलेलं कर्ज देणं लागतं कोण? हिशेब मांडला तर सरकारच देणेकरी निघतं. हे एकदा पटलं की ‘माफी’ हा शब्द तोंडातच अडकतो, कारण देणेकऱ्याने धनकोला माफ करायचं म्हणजे उलटी गंगा.

दोन शब्दांमधला खरा फरक इथे आहे. माफीत शेतकरी खाली उभा असतो, सरकार वरून देतं, आणि फोटोत हार घालून घेतं. मुक्तीत शेतकरी काही मागत नाही. अंगावर नाहक लादलेलं फेकून देतो. रक्कम तीच, खातं तेच, पण कोण कोणाचे उपकार मानायचे ते फिरतं.

मुक्तीला शेजारही चांगला लाभलाय. मराठवाडा मुक्तिसंग्राम, गोवा मुक्ती, स्त्रीमुक्ती. आपल्याकडे या शब्दापुढे-मागे कुठेतरी लढा असतोच. माफीच्या शेजारी ‘चुकलं, माफ करा’ असतं. दारात आलेल्या भिकाऱ्यालाही आपण ‘माफ करा, पुढे जा’ म्हणतो. ‘भीक नको’ म्हणणाऱ्यांना हा शब्द का टोचावा, ते वेगळं सांगायला नको.

आता थोडं चळवळीच्या विरुद्ध बोलतो. माफी म्हणजे गुन्हा कबूल, हे काही शब्दाच्या पोटात पहिल्यापासून नाही. दुष्काळात परीक्षा फी माफ होते, त्या पोराने कोणता गुन्हा केलेला असतो? सारामाफी, करमाफी, टोलमाफी यांतही कुणी गुन्हेगार नसतो. माफीचा सरळ अर्थ सूट, आणि जुन्या काळी सारा माफ असलेली जमीन ही तर मिरवायची गोष्ट होती. ‘आम्ही काय गुन्हा केला?’ हा सवाल म्हणूनच भाषाशास्त्राचा नव्हे, वक्तृत्वाचा आहे. शब्दाच्या दोन छटांपैकी बोचरी तेवढी निवडून ती समोरच्याच्या अंगावर टाकलेली. मला ती चाल आवडते. पण चाल आहे हे ओळखून आवडते.

अशीच दुसरी एक चाल आहे, ती मात्र मला तितकी पटत नाही. ‘उद्योगपतींची हजारो कोटींची कर्जं माफ केली, मग शेतकऱ्याची का नाही?’ यातली बरीचशी रक्कम बँकांनी राइट ऑफ केलेली असते. राइट ऑफ म्हणजे वसुलीची आशा मावळल्याने ताळेबंदातून काढलेलं कर्ज. कर्जदाराचं देणं कागदोपत्री शिल्लकच राहतं, बँकेचा वसुलीचा हक्कही. प्रत्यक्षात वसूल किती होतं यावर जरूर भांडावं, पण राइट ऑफला माफी म्हणणं म्हणजे जो शब्द स्वतःसाठी नको, तोच दुसऱ्याच्या माथी मारणं.

सरकारनेही भाषेत हात आखडता घेतलेला नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून निघालेला शेतकरी संप राज्यभर पसरला, तेव्हा मागणी होती ‘सरसकट’. उत्तर आलं ‘तत्त्वतः मान्य’, आणि पाठोपाठ ‘निकष’. त्या महिन्यात गावच्या पारावर हे तीनच शब्द चघळले जात होते. सरसकट आणि निकष एका वाक्यात नांदत नाहीत, हे सांगायला व्याकरण शिकलेलं असावं लागत नाही. शेवटी दीड लाखाची मर्यादा आली.

म्हणून योजनेचं नाव बाजूला ठेवून अटी वाचाव्यात. २००८ मध्ये संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती. विदर्भातला कोरडवाहू कापसाचा शेतकरी जमीन जास्त म्हणून तिच्याबाहेर राहिला, उत्पन्न कितीही कमी असो. २०१९ ची योजना नावाने मुक्ती, पण ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी आणि दोन लाखांची मर्यादा. विशिष्ट तारखेला विशिष्ट रकमेपर्यंत सोडलेलं देणं म्हणजे माफीच. मुक्ती म्हणजे पुन्हा कर्जात पडावं लागू नये अशी अवस्था. तिचा भाव, पाणी, विमा यांच्याशी संबंध. चळवळीला अभिप्रेत असलेली मुक्ती ती. सरकारने शब्द उचलला, अर्थ मंडपात विसरला.

गावात तर हे दोन्ही शब्द फारसे चालत नाहीत. तिथे क्रियापद चालतं: बसणे, म्हणजे निकषांत बसणे. ‘तुमचं बसलं का?’ ‘आमचं नाही बसलं.’ परभणीकडच्या माझ्या चुलत्यांचं एका खेपेला बसलं नव्हतं. दर मार्चला इकडून-तिकडून हातउसने घेऊन ते गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करायचे, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलायचं. कागदावर थकबाकी शून्य, डोक्यावर कर्ज तेवढंच. सोसायटीच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा चुलत्यांनी ती वरून खाली दोनदा वाचली. शेजारच्याने तीन वर्षं छदाम भरला नव्हता, त्याचं नाव पहिल्या पानावर. नियमित भरणाऱ्यांसाठी नंतर ‘प्रोत्साहनपर लाभ’ आला. तोही एक शब्दच.

या सगळ्यात एक घोषणा मला दोन्हींपेक्षा सरस वाटते: ‘सातबारा कोरा करा’. तिच्यात माफी नाही, मुक्ती नाही, उपकार नाहीत, तत्त्वज्ञानही नाही. फक्त एक कागद आहे, आणि तो कोरा झाला की नाही हे कोणालाही तलाठ्याकडे जाऊन बघता येतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. बँकेचा बोजा किंवा सोसायटीचा इकरार, म्हणजे जमिनीवर कर्ज असल्याची नोंद, तिथे चढते. तो रकाना मोकळा, म्हणजे सातबारा कोरा. कागदावरचा हा राग आपल्याकडे नवा नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले तेव्हा त्यांना हवी होती ती कर्जखतं आणि रोखे. कागद हाती आले की जाळायचे. चार वर्षांनी इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आज कागद जाळून भागत नाही. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही; काही देणं उरलं नाही असा बेबाकी दाखला आणायचा, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार म्हणजे नोंदीतला बदल मंजूर व्हायची वाट बघायची. पुढच्या खेपेला चुलत्यांचं एकदाचं बसलं. दिवाळीत गेलो तेव्हा सातबारा बघितला, तर इतर हक्कात सोसायटीचा इकरार तसाच. म्हटलं, काका, हा अजून उतरवला नाही?

“उतरवून काय करू?” ते म्हणाले. “जूनमधी परत चढवायचाच हाय की.”